चांदीखालची चार भोकं

वोलोस, ३ नोव्हेंबर २०१४

प्रिय थ्रासो,

काल रविवारी तुझ्या दादाचा चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी, पार पडला. बोटी बंद होत्या म्हणून तू आला नाहीस, हे मी सगळ्यांना सांगितलं. चर्चमध्ये वाटायचं गोड गव्हाचं ताट मीच केलं. डाळिंबाचे दाणे थोडे कमी पडले, पण पाद्रीबाबा म्हणाले, ठीक आहे.

तुझ्या दादाचे कपडे वाटून टाकले. तुला कपडे होणार नाहीत, म्हणून त्याने केलेली एक पितळी नळी पाठवते. कारखाना बंद झाल्यावर तो घरच्या लेथवर याच नळ्या करत असे. ही एकतिसावी आणि शेवटची. आत एक सेल बसतो, वर तारेचं वेटोळं आणि कापूस, खाली बटण. बटण दाबलं की वाफ येते. तू सिगारेट सोडायची म्हणत होतास, तिथे उपयोगी पडेल. लेथच्या खणात दोन सेल होते, तेही ठेवले आहेत. तार आणि कापूसही आहे.

नळीच्या बुडाला आनेस्तिस चांदीवाल्याकडून खलाशांना सांभाळणाऱ्या सेंट निकोलसचा छोटा चांदीचा पत्रा बसवून घेतला आहे. तू तीस वर्षं समुद्रावर काढलीस. दृष्ट लागू नये.

सांभाळून राहा. कानात थंड वारा जाऊ देऊ नकोस.

एवांथिया

*

अलोनिसोस, १४ नोव्हेंबर

वहिनी,

डबा मिळाला. बोटीवरच्या खलाशाने आत अंडी असल्यासारखा धरून आणला. मरूसोच्या कॉफीच्या दुकानातच उघडला, कारण तिथे सगळे टपून बसलेले. मला ऐकू येत नाही म्हणून हल्ली हे लोक टोमणेसुद्धा पाटीवर खडूने लिहून मारतात. एकाने लिहिलं, ‘बहिऱ्याला बासरी आली.’ मरूसोने खाली जोडलं, ‘सिगारेट सोडायला निघाला आणि घरी इंजिन घेऊन आला.’

पण वहिनी, काय काम आहे दादाचं! आटे लोण्यासारखे फिरतात. मी तो कोरलेला ३१ आकडा बराच वेळ अंगठ्याने चाचपत बसलो होतो. मग लोक बघायला लागले, म्हणून खिशात घातली.

दिवसाला चाळीस सिगारेटी ओढत होतो, आता सहावर आलो आहे. तू पाठवलेली तार जाड आहे, मी वेटोळी कमी केली, तर बोटीच्या धुराड्यासारखा लोट निघतो. बटण जरा तापतं. सेंट निकोलस छान आहे, पण त्याच्यामुळे नळी टेबलावर उभी राहत नाही, डुलते. म्हणून मी आडवी ठेवतो.

एका सेलचं वेष्टण वरच्या टोकाला फाटलं होतं, त्याला काळी चिकटपट्टी लावली. दुसरा जादा म्हणून खिशात असतो, किल्ल्यांबरोबर. काळजी करू नकोस. मी जहाजावर चारशे चाळीस व्होल्टच्या फलकापुढे आयुष्य काढलं. त्याने मला खाल्लं नाही, हा बोटाएवढा सेल काय खाणार?

तू जेवतेस ना नीट?

थ्रासोस

*

वोलोस, २१ नोव्हेंबर

प्रिय थ्रासो,

तुझं पत्र आलं त्या दिवशी फोतिनी भेटायला आली होती. बंदराजवळ तिचं या नळ्यांचंच दुकान आहे. तुझा दादा तिलाच नळ्या देत असे. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. वाटलं, तिला हसू येईल. ती हसली नाही.

ती म्हणाली, “एवांथियाताई, किल्ल्यांबरोबर? त्यांना आजच्या आज सांगा, सेल खिशातून काढा.” सेलची दोन्ही टोकं धातूने जोडली गेली तर तो खिशातच पेटतो म्हणे. तिच्या एका गिऱ्हाइकाची मांडी अशीच भाजली. सेल एकेकटा, प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा. आणि वेष्टण फाटलेला सेल वापरायचाच नाही, पट्टी लावूनसुद्धा नाही. सेलचं सगळं अंग म्हणजे त्याचं दुसरं टोकच असतं, त्यावर फक्त ते पातळ वेष्टण असतं.

तर एवढं कर. आणि नळी थोडे दिवस माझ्याकडे परत पाठव. आटे साफ करून घ्यायचे आहेत. तोवर वापरू नकोस. पुढच्या बोटीनेच पाठव, थ्रासो. उशीर करू नकोस.

मी जेवते.

एवांथिया

*

अलोनिसोस, २८ नोव्हेंबर

वहिनी,

फाटका सेल फेकून दिला. दुसरा किल्ल्यांपासून वेगळा केला, आता तोच नळीत असतो. त्या फोतिनीला सांग, बहिरा असलो तरी सांगितलेलं कळतं.

पण नळी मी पाठवणार नाही.

आटे स्वच्छ आहेत. मी आयुष्यभर आटे बघितले आहेत. तू खरं कारण लिहिलेलं नाहीस आणि मला ते न सांगता कळलं. त्या दुकानवालीला शेवटची नळी हवी आहे, होय ना? आकडा घातलेली, मेलेल्या माणसाच्या हातची. अशा वस्तू शोधत फिरणारे लोक असतात. मागू देत त्यांना.

मी घर मागितलं नाही. लेथ मागितला नाही. वडिलांचं घड्याळ दादाकडे होतं, तेही मागितलं नाही. तू आपण होऊन एक वस्तू दिलीस आणि चाळिसाव्याचं दिलेलं तीन आठवड्यांत परत मागतेस. आमच्याकडे लहान पोरंसुद्धा असं करत नाहीत.

मरूसो म्हणते, रागाने पत्र लिहू नये, उद्या लिही. मी आजच लिहितो आहे.

कालपासून बटण जास्तच तापतं. रुमाल गुंडाळून धरतो. पण दादाचं आहे म्हणून धरतो.

थ्रासोस

*

वोलोस, ४ डिसेंबर

थ्रासो,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मरूसोच्या दुकानात पाच वेळा फोन लावला. तुमच्याकडचे खांब वाऱ्याने पडले आहेत, असं टेलिफोनवाले सांगतात. बोटींना तीन दिवस बंदी आहे. मी धक्क्यावर जाऊन आले. पहिली बोट सुटेल तिच्यावरच्या हिशेबनिसाच्या हातात हे पत्र देणार आहे. त्याने कबूल केलं आहे की तुझ्याच हातात देईन, दुसऱ्या कोणाच्या नाही.

नळी कोणाला नको आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले. आता नीट सगळं लिहिते.

नळीच्या बुडाला, बटणात, चार बारीक भोकं होती. ती मी पाहिली तेव्हा मला वाटलं, काम अर्धवट राहिलं. शेवटच्या महिन्यात तुझ्या दादाचा, स्तेर्गियोसचा, हात थरथरत असे. तो चमचा उजव्या हातातून डाव्या हातात घ्यायचा आणि मी न बघितल्यासारखं दाखवायचे. मला वाटलं, भोकं पाडून त्यांत काही बसवायचं होतं आणि ते त्याला जमलं नाही. तुझ्या दादाचं शेवटचं काम तू अपुरं बघू नयेस, म्हणून मी आनेस्तिसकडे गेले. त्याने विचारलं, “ही भोकं कशासाठी?” मी म्हणाले, “राहून गेली आहेत.” त्याने वर चांदी बसवून ती पक्की झाळली.

फोतिनीने सांगितलं की ती भोकं मुद्दाम पाडलेली असतात. या नळीत सेल आणि तार यांच्यामध्ये काहीही नाही. जास्त वीज गेली तर तोडणारं, तापलं तर थांबवणारं काही नाही. माणसाने बटण सोडलं तरच ती थांबते. सेल बिघडला तर त्यातून वायू सुटतो आणि त्या भोकांतून बाहेर जातो. भोकं नसली तर तो आत कोंडतो. मी तिला विचारलं, “मग काय होतं?” ती म्हणाली, “ताई, नळी पितळेची आहे, दोन्ही टोकांना बंद. बंदुकीच्या नळीला निदान एक तोंड तरी असतं.” आणि ती नळी माणूस तोंडाशी धरतो.

हे मला एकवीस तारखेलाच कळलं होतं. मी तुला आटे साफ करायचे आहेत असं लिहिलं. मला लाज वाटली. तुझ्या भावाचं काम अर्धवट समजून मी झाकलं, आणि ज्याच्या रक्षणासाठी झाकलं त्याच्याच तोंडापुढे ते दिलं, हे कागदावर उतरवता आलं नाही.

अजून एक सांगते. वीस सप्टेंबरला सकाळी स्तेर्गियोस म्हणाला, “हाताला मुंग्या येताहेत.” त्याचा चेहरा मातकट झाला होता. मला दिसत होतं. त्याला डॉक्टरचं नाव काढलं की राग यायचा, म्हणून मी म्हणाले, “जरा पड.” आणि वाटाणे सोलत बसले. वीस मिनिटं सोलत होते, तेवढ्यात तो गेला. मी हे कोणाला सांगितलेलं नाही. तुझं रुमालाचं वाक्य वाचलं आणि मला ते वाटाणे दिसले.

आता काय करायचं ते लिहिते.

नळी तोंडाला लावू नकोस. एकदाही नाही.
नळी उभी ठेवू नकोस. चांदीमुळे बटण कडेच्या बाहेर आलं आहे. उभी ठेवली की तिच्याच वजनाने बटण दाबलं जातं.
थंड असेल तेव्हाच वरचं टोक उघडून सेल बाहेर काढ आणि वेगळा ठेव.
तापलेली असेल, फुसफुसत असेल, वास येत असेल तर हात लावू नकोस. लांब जा. तुला फुसफुस ऐकू येणार नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही.
वेटोळी कमी केलीस म्हणून सेलवर फार ताण येतो. वेटोळ्याचा रेझिस्टन्स मोजल्याशिवाय आणि सेलला किती झेपतं हे कळल्याशिवाय अशी नळी कोणीच वापरू नये. फोतिनी म्हणते, नवख्याने तर ही नळी हातातच घेऊ नये. मी ती नवख्याला भेट दिली.

मिळाल्याचं कळव. दोन शब्द लिहिलेस तरी चालेल.

एवांथिया

*

अलोनिसोस, ११ डिसेंबर

एवांथियाताई,

अक्षर ओळखीचं नाही म्हणून घाबरू नका. मी मरूसो, कॉफीच्या दुकानाची. थ्रासोस जिवंत आहे, माझ्यासमोर बसला आहे आणि नेहमीसारखा ओरडून सांगतो आहे. ओरडल्याशिवाय आपण बोललो असं त्याला वाटतच नाही. उजव्या हाताला पट्टी आहे म्हणून मी लिहिते. आधी माझं सांगून घेते, कारण तो सांगेल ते अर्धंच सांगेल.

परवा मंगळवारी बोट आली. हिशेबनीस स्वतः पत्र घेऊन दुकानात आला. थ्रासोस चष्मा लावून वाचायला बसला. तुमचं पत्र दोन कागदांचं. पहिला वाचता वाचता त्याने खिशातून ती नळी काढली. बटण आपोआप दाबलं जाऊ नये म्हणून असलेली कडी फिरवून मोकळी केली, बूड वर करून चांदी बघितली, नखाने खरवडली. मग पुढचं वाचायला दोन्ही हात हवेत म्हणून त्याने ती नळी त्सीपूरो दारूच्या रिकाम्या पेल्यात उभी केली. टेबलावर ती डुलते ना, म्हणून पेल्यात. बूड खाली. आणि दुसरा कागद उलगडला.

मी ओट्यापाशी होते. मला कापूस जळल्याचा वास आला. मग फुसफुस ऐकू आली, किटलीसारखी, पण किटली तर बंद होती. मी ओरडले, “थ्रासोस!” कोणाला ओरडते मी, सांगा! तो मान खाली घालून वाचतो आहे आणि रडतो आहे. वाटाण्यांपाशी पोचला होता, हे नंतर कळलं. मी केरसुणी घेऊन धावले आणि पेल्यावर हाणली. नळी पेल्यासकट दाराकडे उडाली. तर हा मूर्ख उठून तिच्यामागे धावला आणि ती हातात उचलली!

(तो विचारतो आहे, एवढं काय लिहितेस. मी पाटीवर लिहिलं, ‘तुझी अक्कल.’)

कातडी चिकटली तशी त्याने ती अंगणात फेकली. ती भिंतीच्या पलीकडे पडली आणि मग आवाज झाला. तो त्यालासुद्धा ऐकू आला. तो म्हणतो, पोटात ऐकू आला. भिंतीचा वरचा दगड निघून पडला. वरचं टोक अंजिराच्या खोडात शिरलं, अजून तिथेच आहे, निघत नाही. खोडातली जागा त्याच्या तोंडाच्या उंचीवर आहे, ताई. मी मोजली. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

डॉक्टर आले होते. तळहात आणि दोन बोटं भाजली आहेत, बोटं राहतील म्हणतात. महिना लागेल. आता तो सांगतो तसं लिहिते.

वहिनी,

तुझ्या दुसऱ्या कागदाचा शेवट मी नंतर वाचला. पहिल्यांदा तो वाचला असता तर नळी उभी केली नसती. हे तुला दोष देण्यासाठी नाही सांगत. तूसुद्धा आमच्या घरचीच झालीस, आधी सगळं नीट मांडून मग कामाचं बोलणारी. दादा असाच होता. बोटीला आग लागली असती तरी त्याने आधी तारीख घातली असती.

तुला मी जे लिहिलं, परत मागतेस म्हणून, ते फाडून टाक. मला लाज वाटते. तू लाजेने गप्प बसलीस आणि मी रागाने कानात बोळे घातले. माझ्या कानांना त्याची गरज नव्हती.

मरूसोने बुडाचा तुकडा शोधून आणला. चांदी उडाली आहे. भोकं उघडी झाली आहेत. मी डाव्या हाताने भिंग धरून बघितली. मरूसोलाही दाखवली, तिने तिची शिवणाची फूटपट्टी लावली. (लावली ताई, खरं आहे.) चारही सारख्या अंतरावर आहेत. कडा आतून घासून गुळगुळीत केल्या आहेत, आतूनसुद्धा, जिथे कोणी बघणार नाही. अर्धवट काही राहिलेलं नाही, वहिनी. हे थरथरत्या हाताचं काम नाही. चमचा धरताना थरथरत असेल. लेथपाशी थरथरत नव्हता.

वाटाण्यांबद्दल मला काय लिहावं कळत नाही. मरूसो म्हणते, मीपण सोलले असते. तेच लिही म्हटलं.

थ्रासोस

*

वोलोस, १५ डिसेंबर

थ्रासो,

आधी कामाचं. पट्टी ओली करू नकोस. गोळ्या पूर्ण घे. भिंतीपलीकडे सेलचे तुकडे पडले असतील तर हाताने उचलू नकोस, मरूसोला चिमट्याने उचलून मातीच्या भांड्यात, बाहेर ठेवायला सांग. सिगारेट ओढलीस तरी मी या महिन्यात काही म्हणणार नाही.

आनेस्तिसला मी सांगून आले. त्याच्याकडे अशी आणखी कोणती नळी चांदी लावायला आली होती का, ते विचारलं. नव्हती आली. घरात तीन राहिल्या होत्या, त्या फोतिनीकडे दिल्या. तिने एकेकीचं बूड उजेडात धरून मला दाखवलं. मी बघितलं.

माझ्या हातून तुझं काय झालं असतं, हे लिहायला घेते आणि लिहवत नाही. मग तुझं पत्र पुन्हा वाचते, तू काढलेल्या त्या वाकड्या सहीपर्यंत. डाव्या हाताने केली आहेस ना? कळते.

मी गुरुवारच्या बोटीने येते आहे, वारा असो नसो. पट्टी बदलायला मरूसोला एकटीला किती दिवस लावणार? आणि वीस सप्टेंबरच्या सकाळचं मला एकदा कोणाला तरी तोंडाने सांगायचं आहे, कागदावर नाही. धक्क्यावर गर्दी असेल. असू दे. तुला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगेन.

एवांथिया